कोयनेचा विसर्ग फेब्रुवारीतही सांगा

प्रति,
कृष्णा-कोयना खोऱ्यातल्या पाण्याचं नियोजन करणारे सर्व अधिकारी,
तसेच मत्स्यव्यवसाय विभाग, सातारा आणि सांगली जिल्हे

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट महिन्यात कोयनेतून किती क्युसेक पाणी सुटलंय हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी ते शिकवलं. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, आणि वरून सुटलेलं पाणी आपल्यापर्यंत कधी पोचणार याचा हिशेब टपरीवरच्या चहाबरोबर होतो. तुमच्याकडून दिवसात अनेकदा आकडे येतात, मोबाईलवर फिरतात, आणि त्यांच्या भरवशावर लोक जनावरं हलवायची की थांबायचं ते ठरवतात. हे काम तुम्ही रात्री जागून करता. नदीकाठी राहणारा माणूस म्हणून त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

दिवाळीच्या सुमारास मात्र हे आकडे दिसेनासे होतात. नदी तीच असते, धरण तेच असतं, पाणी सुटत असतं आणि बंदही होत असतं, पण काठावरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. आज पात्रात गुडघाभर पाणी आहे की छातीभर, हे नदीत उतरल्यावरच कळतं. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी घेऊन येणारी पोरं, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह सरकवायला पाण्यात शिरणारा शेतकरी, सगळ्यांची हीच गत. तुमच्याकडे माझं मागणं आहे ते या आठ महिन्यांबद्दल. ते माणसांसाठी आहेच, पण या पत्रात मी मुख्यतः माशांची बाजू मांडणार आहे, कारण ती मांडायला, पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कुणी बसलेलं नसतं.

मी कराड तालुक्यातला. लहानपणापासून गळ टाकतो आणि गेली काही वर्षं फ्लाय फिशिंग करतो. यात गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळीही नसते. बारीक गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी फ्लाय बांधलेली असते. तिला वजन जवळपास नसतंच, म्हणून दोरी मुद्दाम जाड आणि जड घेतात आणि ती हवेत मागेपुढे झुलवून फ्लाय हव्या त्या जागी पाण्यावर अलगद उतरवतात. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला असतो. मासा लागला की हात ओला करून गळ सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. यात नशिबापेक्षा नदीकडे बघण्याला जास्त महत्त्व आहे. मासा आज काय खातोय, कुठल्या दगडाच्या आडोशाला उभा आहे, हे पाण्याच्या वेगावर, गढूळपणावर आणि तापमानावर ठरतं.

नदीकडे असं बघायला मी हिमाचलात शिकलो, कुल्लूकडच्या तिर्थन नदीवर. तिथे ट्राउट असतो. हा मासा मुळात आपल्या देशातला नाही. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास त्याची अंडी स्कॉटलंडहून आणून काश्मीरमध्ये वाढवली, 1909 च्या आसपास तो कुल्लूत आला आणि त्याच काळात नीलगिरीतही रुजवला गेला. तिर्थनच्या काठावरचे जुने जाणते लोक सकाळी काठी-दोरीला हात लावण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवतात. 10 ते 16 अंश असेल तर मासा भुकेला असतो. 18 च्या वर गेलं की ते थोडाच वेळ टाकतात, आणि 20 च्या पुढे आवरून घरी जातात, कारण तेवढ्या पाण्यात दमवलेला ट्राउट सोडून दिला तरी बऱ्याचदा जगत नाही. कारण साधं आहे. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9, आणि 30 अंशांना साडेसातच. पाणी तापतं तशी माशाची गरज वाढते आणि पुरवठा कमी होतो.

दुसरी गोष्ट ते पाहतात ती पाण्याचा रंग आणि चढउतार. एप्रिलपासून वरचं बर्फ वितळायला लागतं, मग सकाळी नितळ असलेली नदी दुपारी राखाडी होऊन चढते. मे-जूनमध्ये ती फार जोरात असते, पावसाळ्यात लाल. सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा काच होते. आणि 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायलाच बंदी, कारण त्या थंडीत मासा गोट्यांमध्ये अंडी घालतो. परवाना काढायचा, ठरलेल्या टप्प्यातच टाकायचं. चार महिने नदी बंद ठेवूनही त्या खोऱ्यातल्या कित्येक घरांची चूल या माशाच्या नावावर येणाऱ्या पाहुण्यांवर चालते.

हे सांगितलं की आपल्याकडे लगेच एक सूचना येते. महाबळेश्वर-तापोळ्याच्या पर्यटनावर बोलणं निघालं की कुणी ना कुणी म्हणतंच, की आपल्याकडेही ट्राउट सोडा. मत्स्यव्यवसाय विभागाला माझी हात जोडून विनंती आहे, ही सूचना कधी कागदावर आली तर ती तिथेच थांबवा. महाबळेश्वरची उंची जेमतेम 1370 मीटर. नीलगिरीत ट्राउट टिकला तो 2000 मीटरच्या वर. आपल्याकडे बर्फ नाही. वर्षाचा साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिलमध्ये त्याच डोंगरातले ओढे बोटभर धारेवर येतात. परदेशात काही मोठ्या धरणांखाली, अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये व्हाइट नदीवर बुल शोल्स धरणाच्या खाली आहे तसं, जलाशयाच्या तळाचं गार पाणी सुटत राहतं म्हणून उष्ण भागातही ट्राउट वाढवता आला. तिथला हिवाळा तळाचं पाणी खरोखर गार करतो. आपल्या जलाशयांना तसा हिवाळा नाही. आणि समजा चार ट्राउट जगलेच, तरी ते इथल्या पिल्लांवरच वाढणार. चिलापी (तिलापिया) हा बाहेरचा मासा आला तेव्हाही फायद्याचंच बोललं गेलं होतं. आता सांगलीपासून वरपर्यंत कुठल्याही कोळ्या-भोयाला विचारा, जाळ्यात काय येतं.

आणि आपल्याला बाहेरचा मासा लागतोच कशाला? आपल्याकडे खडस आहे. पुस्तकात ज्याला दख्खनचा महाशीर म्हणतात तो. शास्त्रात त्याची पहिली नोंद कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केली, तीही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे तो आपल्याच मुलखातला. मोठाले सोनेरी खवले, निळसर पर, जाड ओठ. तो उंबर आणि जांभळाची फळं खातो, गोगलगाय खातो, खेकडा फोडतो, किडेही टिपतो. काठावरच्या उंबराखाली दबा धरून फळासारखी बांधलेली फ्लाय ‘टप’ आवाज करत पाण्यावर टाकली आणि ती खडसानं घेतली, तर पहिल्याच धावेत रिळावरची दोरी सरसर संपत जाते. मी ट्राउट धरलेत आणि खडसही. जोराच्या बाबतीत ट्राउटचं नाव काढू नये. फ्लायसाठी त्याचा काळही आपल्या सोयीचा, पाणी निवळल्यावर ऑक्टोबर ते मार्च. पंचवीस अंशांचं पाणी त्याला चालतं. फक्त ते वाहतं असावं, खाली गोटे असावेत आणि उन्हाळ्यात जायला खोल डोह असावा.

टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीराची पिल्लं तयार होतात आणि देशभर जातात. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत हा मासा पूर्वी ‘धोक्यात’ होता, आता ‘चिंता कमी’ या वर्गात आलाय. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती यादी सगळ्या देशाची आहे. आपल्या नदीच्या एखाद्या टप्प्यात मासा उरलाय की नाही हे ती सांगत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून खडसाला कुणी हात लावत नाही, आणि तिथे तो पायऱ्यांशी येऊन माणसाच्या हातून खातो. घाटाच्या त्या बाजूला हे जमतं.

आता जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो. कुठल्या धरणाखाली, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही आणि हे बहुतेक ठिकाणी घडत असणार. फेब्रुवारीचा महिना. आदल्या संध्याकाळी पात्र भरून वाहत होतं, आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरलेल्या पाळीचं पाणी, सुरू होतं. सकाळी गेलो तर पाणी दोन हात खाली. रात्रीतून विसर्ग बंद झालेला. काळ्या खडकातले रांजणखळगे पाण्यानं भरलेले आणि प्रत्येकात पिल्लं, बोटाच्या पेरापासून बोटाएवढी. त्यात खवल्या होते, मळ्या होते, आणि एका मोठ्या खळग्यात शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेली खडसाची पिल्लंही होती. मी थर्मामीटर टाकला. बाजूच्या धारेत 22 अंश, खळग्यात 29, आणि अजून दहाही वाजले नव्हते. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. दोन ढोकऱ्या एकेका खळग्याशी बसून निवांत वेचत होत्या. शेजारच्या उसात पाणी धरणारा एक मुलगा घमेलं घेऊन आला आणि आम्ही दोघांनी जमतील तेवढी पिल्लं धारेत नेऊन सोडली. उरलेल्या खळग्यांचं दुपारी काय झालं असेल ते सांगायला नको.

खळग्यांच्या वरच्या कोरड्या पट्ट्यातले गोटे उलटून पाहिले. ज्या ओढ्यांवर धरण नाही, तिथे कुठलाही गोटा उलटा, खाली किड्यांच्या अळ्या वळवळतात. काही वाळूचे कण चिकटवून घर करतात, काही चपट्या, दगडाला चिकटून. पिल्लं यांच्यावरच वाढतात, आणि फ्लाय बांधणारा माणूस याच अळ्यांची नक्कल करतो. इथल्या गोट्यांखाली वाळलेलं शेवाळ होतं, बाकी काही नाही. जो पट्टा आज भिजतो आणि उद्या वाळतो, तिथे काहीच घर करू शकत नाही. नदी दिसते तेवढी रुंद नसते. जगण्याजोगी नदी म्हणजे जिथे पाणी कायम राहतं तेवढीच.

तुमच्या अडचणी मला थोड्याफार माहीत आहेत. कोयनेच्या 105.25 टीएमसीतलं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) 67.5 टीएमसी कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यानं पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी ठरलेलं आहे. उरलेल्यावर ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचा, पिण्याच्या पाण्याचा आणि नदीकाठच्या उसाचा डोळा असतो. आटपाडी-जतच्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी वणवण केली, त्याच्या वाट्याचं माशाला द्या असं मी कधीच म्हणणार नाही. मी एक थेंबही जादा मागत नाही. पाणी तेवढंच सोडा, पण बंद करताना टप्प्यानं करा.

कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून एका युनिटचं 1050 क्युसेक, दोन्हींचं 2100, हे आम्ही दरवर्षी वाचतो. 1050 क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास 30 हजार लिटर. दोन्ही युनिटं एकदम थांबली तर नदी एका रात्रीत खचते. त्याऐवजी आधी एक थांबवावं, पात्र काही तास स्थिर होऊ द्यावं, मग दुसरं. जिथे दरवाजे किंवा विमोचक (पाणी सोडायची झडपेची वाट) आहेत तिथे तर हे आणखी सोपं आहे, धोम असो, कण्हेर असो की वारणा. पाणी हळूहळू ओसरलं तर पिल्लू त्याच्यामागे सरकत धारेत जातं. त्याला तेवढी अक्कल निसर्गानं दिलेली आहे, फक्त वेळ मिळायला हवा. आणि शक्य असेल तिथे ओसरणं दिवसा नको, रात्री नको, पहाटे सुरू व्हावं, म्हणजे उजेडही असेल आणि खडक तापलेलेही नसतील.

दुसरं, सुरुवातीला म्हटलं तेच: रोजचा विसर्ग वर्षभर जाहीर करा आणि बदल करायचा असेल तर एक दिवस आधी सांगा. त्यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही, पावसाळ्यात जो कागद निघतो तोच फेब्रुवारीत निघावा. पाण्याचं तापमानही त्यात आलं तर फारच बरं.

तिसरी गोष्ट केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. पावसाळा संपताच त्यांच्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, ते घालायलाच हवेत. पण सगळे गाळे एकाच दिवशी गच्च बंद झाले की बंधाऱ्याखालचा टप्पा कोरडा पडतो आणि वरचं पाणी नुसतं साचतं. एखाद्या गाळ्यातला वरचा बर्गा कमी ठेवून धार चालू राहू दिली तर खालचा डोह जिवंत राहतो. पाणी अडलं आणि त्यात मळी किंवा सांडपाणी मिसळलं की काय होतं, ते सांगलीकरांनी मेलेल्या माशांच्या रूपात पाहिलेलं आहे. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल, इथे लांबवत नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाकडे वेगळं मागणं आहे. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांना लाल पाणी आलं की मासे वर चढतात. चढणीचे मासे धरणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मीही त्या खाण्यावर वाढलोय. पण पूर्वी हातात घोंगडं आणि टोपली असायची, आता ओढ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत बारीक नायलॉनचं जाळं असतं. पोटात अंडी घेऊन निघालेला एकही मासा वर जात नाही. खडस तर पावसाळ्यातच अंडी घालतो आणि इतर माशांच्या मानानं फार थोडी घालतो. प्रत्येक तालुक्यातले दोन-चार डोह आणि त्यांना मिळणारे ओढे निवडा, ते जून ते सप्टेंबर पूर्ण बंद ठेवा आणि तिथे मोठ्या अक्षरांत फलक लावा. कोयना अभयारण्यात तशीही बंदी आहे. मी बोलतोय ते त्याच्या खालच्या, लोकवस्तीतल्या नदीबद्दल. कुठले डोह निवडायचे हे ठरवताना भोई समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. त्यांना जे ठाऊक आहे ते मला नाही आणि तुमच्या कागदांतही नाही. माझ्यासारख्या हौशी माणसाचा गळ चालू आणि पोटासाठी जाळं टाकणाऱ्याचं बंद, असं मात्र होऊ देऊ नका. बंद म्हणजे सगळ्यांना बंद, मला सर्वांत आधी.

जिलेटीन, विष आणि करंट यांबद्दल नवीन कायदा मागायची गरजच नाही. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. एक कांडी डोहात टाकली की दहा वर्षांचा खडस आणि काल जन्मलेलं पिल्लू एकाच वेळी पांढरं पोट वर करून येतात, आणि बरेचसे तळाशीच राहतात, ते टाकणाऱ्यालाही मिळत नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी पाठीवर घेऊन ओढ्यात शिरणारी पोरं तर स्वतःच्या जिवावरही उठलेली असतात. गावातला माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण टाकणारा शेजारचाच असतो. तक्रारदाराचं नाव उघड होणार नाही असा एखादा फोन नंबर फलकावर द्या आणि त्यावर आलेल्या पहिल्या दोन-तीन तक्रारींवर खरोखर कारवाई करा. पुढचं गावात आपोआप पसरतं.

आमच्याकडून काय होईल तेही लिहितो. पाटणपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत आणि तिथून खाली भिलवडी-सांगलीपर्यंत गळ टाकणारी आम्ही मंडळी एकमेकांना ओळखतो. रोज सकाळी आणि दुपारी पाण्याचं तापमान आणि पातळी मोजून तुम्ही सांगाल त्या नमुन्यात पाठवायला आम्ही तयार आहोत. थर्मामीटर आमचे, पेट्रोल आमचं. विसर्ग कमी होण्याची वेळ आदल्या दिवशी कळली तर घमेली-बादल्या घेऊन खळग्यांवर माणसं उभी करू. त्यासाठी मानधन नको, ओळखपत्र मात्र द्या, म्हणजे पहाटे नदीत काय करता असं पोलीसपाटलानं विचारलं तर दाखवता येईल.

रब्बीच्या आवर्तनाचं वेळापत्रक ठरवायला कालवा सल्लागार समितीची बैठक पावसाळा संपल्यावर होईल. तिच्या विषयपत्रिकेवर ‘विसर्ग टप्प्याने कमी करणे आणि वर्षभर जाहीर करणे’ एवढा एक विषय घ्यावा आणि आमच्यातल्या एका भोई बांधवाला आणि मला पाच मिनिटं बोलू द्यावं. तारीख कळवलीत तर तापमानाच्या नोंदी आणि खळग्यांचे फोटो घेऊन वेळेआधी हजर राहू.

आपला नम्र,
कोयनाकाठचा एक रहिवासी
कराड तालुका, जि. सातारा